दारात जागा नाही, म्हणून घर बदलायचं का?

प्रश्न: आम्ही दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, गाडी खाली रस्त्याच्या कडेला असते. पेट्रोलची गाडी विकून इलेक्ट्रिक घ्यायचा विचार आहे. महिन्याचं फिरणं साधारण 1,000 किलोमीटर. नवरा म्हणतो, खिडकीतून केबल खाली सोडू. पाच मिनिटांवर एक गॅरेज भाड्याने मिळतंय, आत प्लगपॉइंट आहे. तिसरा पर्याय, पोर्च असलेलं घर घेणं. भाडं बरंच जास्त आहे, पण गाडी विकणारा म्हणतो की 7.4 किलोवॉटचा वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जिंगचा डबा, बसवला की इंधनाच्या बचतीत सगळं निघून येईल. माझ्या ऑफिसच्या तळघरात दोन चार्जिंग पॉइंट आहेत, आठवड्यातून दोनदा मी गाडीने जाते. काय करावं?

उत्तर: 'सगळं निघून येईल' हे वाक्य ऐकलं की मी आधी कागद-पेन्सिल घेतो.

मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटरच्या आसपास जाते. तुमच्या 1,000 किलोमीटरला बॅटरीत 154 युनिटं लागतील. घरच्या मीटरवर मात्र 175 पडतील, कारण घरात येणारी एसी वीज बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत बदलताना आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जागी ठेवताना दहा-बारा टक्के वीज वाया जाते. बऱ्याच सार्वजनिक डीसी चार्जरवर गाडीत गेलेली वीज मोजतात, म्हणून तिथे 154 च धरू.

आता दर. दोन्ही दर तुमचे तुम्ही घाला, मी नमुन्यापुरतं धरतो की बाहेरचं युनिट घरच्याच्या तिप्पट आहे. बाहेर तुम्ही घरच्या 462 युनिटांएवढे पैसे मोजाल, घरी 175 युनिटांचे. फरक 287. म्हणजे स्वतःच्या जागेत चार्जिंग करता येण्याची किंमत महिन्याला घरच्या 287 युनिटांच्या बिलाएवढी आहे, त्यापेक्षा एक पैसाही जास्त नाही. तुमच्या दराने ही रक्कम काढा आणि नव्या घराच्या वाढीव भाड्याशेजारी ठेवा. शेजारी ठेवल्यावर पुढचं मी सांगायची गरज उरणार नाही, असा माझा अंदाज आहे. रात्रीचा दर निम्मा असेल तर फरक 374 पर्यंत जातो. तरीही घरभाड्याच्या मानाने ही चिल्लरच.

पोर्चचं घर मोठं आहे, उजेडाचं आहे, शाळेजवळ आहे, तर जरूर घ्या. पण ते घर म्हणून घ्या. त्याचा खर्च गाडीच्या खात्यावर टाकून स्वतःची समजूत घालू नका. माझ्याकडे येणारी निम्मी फसलेली गणितं अशीच असतात: घ्यायचं एक असतं आणि कारण दुसऱ्याच वस्तूचं दिलेलं असतं.

वॉलबॉक्सचंही तसंच. भिंतीवरच्या त्या डब्याला आपण चार्जर म्हणतो खरं, पण एसी चार्जिंगमध्ये खरा चार्जर गाडीच्या आत असतो. डबा फक्त सुरक्षितपणे वीज सोडतो आणि बंद करतो. गाडीतला चार्जर 3.3 किलोवॉटचा असेल तर भिंतीवर 7.4 चा डबा लावूनही वेग 3.3 च्या वर जाणार नाही. तो वेग तुम्हाला हवाय का, हाही प्रश्नच आहे. तुमची रोजची सरासरी 33 किलोमीटर. गाडीसोबत मिळणारी 10 अँपिअरची साधी केबल 230 व्होल्टवर 2.3 किलोवॉट देते, रात्रीच्या दहा तासांत 23 युनिटं. घट वजा जाता 130 किलोमीटर. गरजेच्या चौपट! शिवाय भाड्याच्या घरात डबा काढून नेता येतो, पण मीटरपासून पोर्चपर्यंत ओढलेली तांब्याची तार घरमालकाला राहते आणि बऱ्याचदा खर्चाचा मोठा भाग तीच असते.

साधी केबल म्हणजे कुठल्याही जुन्या सॉकेटमध्ये खुपसायची असं मात्र नाही. एका परिचितांकडे मी ते पाहिलंय. प्लग काढला तर सॉकेटच्या एका भोकाभोवती प्लास्टिक चॉकलेटी झालेलं, पिन बोट टेकवता येणार नाही इतकी तापलेली. मोठी स्टीम इस्त्रीही जवळपास तेवढीच वीज खेचते, पण ती वीस मिनिटं चालते. गाडी आठ-दहा तास एकसारखी खेचते. म्हणून स्वतंत्र तार, चांगलं अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअर वीज गळली की पुरवठा तोडणारा आरसीडी स्विच, एवढ्यावर खर्च करा. चैन म्हणून धरू नका, हा गाडीच्या किमतीचाच भाग आहे.

खिडकीतून केबल: नको. दुसऱ्या मजल्यावरून गाडीपर्यंत पोचायला एक्स्टेन्शन लागणार, ते रिळावर अर्धं गुंडाळलेलं राहणार, आणि गुंडाळलेल्या तारेची उष्णता बाहेर पडत नाही, ती आतल्या आत साठते. पण आर्थिक सल्लागार म्हणून मला फूटपाथची जास्त भीती वाटते. अंधारात कोणी अडखळून पडलं तर भरपाई तुमच्या गळ्यात येऊ शकते, आणि तुमच्या विम्यात असं दायित्व धरलंय का हे बहुतेकांनी वाचलेलं नसतं. काही शहरांत फूटपाथमध्ये केबलसाठी झाकणाची चर पाडायला परवानगी मिळते, पण त्या सोयीचा फायदा तळमजल्याला. शिवाय घरासमोरचीच जागा रोज रिकामी मिळेल, हे गृहीत धरून महिन्याचा हिशोब मांडता येत नाही.

गॅरेजचा पर्याय वाईट नाही. एकच विचारा, प्लगपॉइंट कोणाच्या मीटरवर आहे? 'वीज भाड्यातच धरलीय' असं उत्तर आलं तर पहिल्या मोठ्या बिलानंतर भांडण ठरलेलं. सबमीटर बसवून घ्या, आणि गॅरेजचं भाडं त्या 287 युनिटांच्या आत बसतं का पाहा.

पण खरं उत्तर तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. ऑफिसमधला पॉइंट 16 अँपिअरचा असेल तर तो 3.7 किलोवॉट देतो. आठ तासांत जवळपास 30 युनिटं, बॅटरीत 26, म्हणजे 170 किलोमीटर. दोन दिवसांचे 340. तुमची आठवड्याची गरज 231. ऑफिसात गाडी चार्जिंगला लागत असेल, तर गॅरेजमधून वाचणारं उरतंच किती?

कच्चा दुवा हा की पॉइंट दोनच आहेत. आज ते रिकामे असतील, पुढच्या वर्षी रांग लागेल. त्यामुळे दर आणि पाळी, दोन्हींबद्दल ऑफिसकडून ईमेलवर उत्तर घ्या, तोंडी नको. आणि सगळं बाहेरच चार्ज करायची वेळ आली तर गाडी परवडेल का, हेही आत्ताच तपासा. त्यासाठी सोपी कसोटी: पेट्रोलची गाडी लिटरला 16-17 किलोमीटर देत असेल, तर बाहेरच्या चार्जरचं एक युनिट पेट्रोलच्या एका लिटरच्या किमतीच्या दोन-पंचमांशाहून महाग झालं की इंधनातली बचत संपली. तुमच्या भागातला दर त्या रेषेच्या बराच खाली असेल तर गाडी घ्या, ऑफिसात लावा, घर आहे तेच ठेवा. दर रेषेला टेकलेला असेल आणि ऑफिसचं उत्तर गुळमुळीत आलं, तर जुनी गाडी अजून वर्षभर चालवा. ती चालतेय ना?

गॅरेजवाल्याचा नंबर जपून ठेवा. आणि नवऱ्याने ती लांब केबल आधीच मागवली असेल, तर परत करायची मुदत उलटायच्या आत पाठवून द्या.