चीजसाठी दूध गोठवणारे, वासराच्या जठरातले रेनेट यीस्टपासून कसे मिळते?
क्लुव्हेरोमायसेस लॅक्टिस या दुग्धजन्य पदार्थांत आढळणाऱ्या यीस्टमध्ये वासराचे प्रोकायमोसिनचे (रेनेटमधील मुख्य विकर कायमोसिन, त्याच्या आधीच्या निष्क्रिय रूपाचे) जनुक बसवले, की ते यीस्टच हे प्रथिन तयार करून पेशीबाहेर सोडते, आणि यीस्ट वाढवलेले द्रव माध्यम आम्ल केल्यावर त्याचे दूध गोठवणारे कायमोसिन बनते. या यीस्टचे खरे बळ त्याच्या दोन शेजारी जनुकांत आहे: एलएसी-१२ मुळे लॅक्टोज (दुधातील साखर) पेशीत घेतले जाते आणि एलएसी-४ मुळे त्याचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज होते (बेकरीच्या यीस्टला हे मुळीच साधत नाही); म्हणून एलएसी-४ चा प्रवर्तक (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) परक्या जनुकापुढे जोडला, की लॅक्टोज मिळताच उत्पादन वाढते. मात्र चीजच्या पाकिटावरील ‘मायक्रोबियल रेनेट’ याच यीस्टचे असेल असे समजू नये, कारण ते बुरशीपासूनही मिळवतात.