वाड्यातल्या जुन्या मूर्ती लिलावात विकता येतील का? किती पैसे मिळतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सातारा जिल्ह्यातल्या वाड्याच्या वाटण्या चालू आहेत. देवघरात पितळी मूर्ती आणि चांदीचे टाक, माळ्यावर मोठ्या समया, एक हस्तिदंती डबी आणि पणजोबांना शेत नांगरताना सापडलेला दगडी गणपती. एक व्यापारी घरी येऊन म्हणतोय, "इथे काय मिळणार? माझ्याकडे द्या, लंडनच्या लिलावात लावतो, दसपट येतील." त्याचं ऐकावं का, आणि इथे विकलं तर काय येईल?

मुंबईत लिलावाला येणाऱ्या जुन्या मूर्ती आणि धातूच्या वस्तू तपासून त्यांच्या नोंदी लिहिणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या व्यापाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. त्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी मूर्ती, नाणं, भांडं, दिवा ही पुरावस्तू ठरते (हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात), आणि ती देशाबाहेर नेण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या संस्थेला आहे. वस्तू तुमच्या मालकीची असली, पिढ्यान्‌पिढ्या घरात असली तरी ती बाहेर पाठवता येत नाही. पाठवली तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय दंड. 'नव्या हस्तकलेची वस्तू' असं लिहून कुरिअरने पाठवतात ती हीच चोरवाट. पकडली गेली तर चौकशी वस्तू निघाली त्या घरापर्यंत येते.

मग लंडन-न्यूयॉर्कला भारतीय मूर्ती कोट्यवधींना कशा विकल्या जातात, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. तिथे उघडपणे आणि स्वच्छपणे विकल्या जातात त्या कायदा येण्याच्या कितीतरी आधी देशाबाहेर गेलेल्या आणि तसा कागद असलेल्या मूर्ती. मार्च २०१७ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात बाराव्या शतकातली, पूर्व भारतातली काळ्या दगडाची अवलोकितेश्वराची मूर्ती सुमारे २ कोटी ४६ लाख डॉलरला गेली. मूर्ती अप्रतिम आहे, पण तेवढ्याने हा आकडा आला नसता. ती १९२० च्या दशकात बोस्टनच्या संग्रहालयात होती. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांचा तिचा मुक्काम कुठे कुठे होता हे कागदावर दिसत होतं. घेणाऱ्याने पैसे मोजले ते दगडाचे, कारागिरीचे आणि त्या निर्धास्तपणाचे.

कागद खोटा असला की काय होतं, तेही सांगते. तामिळनाडूतल्या श्रीपुरंदानच्या देवळातला चोळकालीन नटराज २००६ च्या सुमारास चोरीला गेला. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरला घेतला. सोबतच्या कागदांत लिहिलं होतं की मूर्ती १९७० मध्येच दिल्लीतल्या दुकानातून एका परदेशी अधिकाऱ्याने घेतली. साल मुद्दाम कायद्याच्या आधीचं निवडलेलं. कपूर २०११ मध्ये जर्मनीत पकडला गेला, २०१४ मध्ये नटराज भारतात परत आला आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने कपूरला दहा वर्षांची शिक्षा दिली. अशा प्रकरणांनंतर मोठी लिलावगृहं पहिला प्रश्न विचारतात तो वस्तू कुठून आली याचा. तुमच्या व्यापाऱ्याला लंडनमध्ये तुमचे देव लावायचे असतील तर असाच बनावट कागद करावा लागेल, आणि त्या कागदावर तुमच्या वाड्याचा इतिहास पुसलेला असेल. मला यातलं हे सगळ्यांत वाईट वाटतं.

आता देशात विकण्याबद्दल. देशात विक्रीला बंदी नाही. दगड, माती, धातू, हस्तिदंत, हाड किंवा लाकडाची मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर तिची नोंदणी लागते. चित्रं आणि चित्रं असलेली हस्तलिखितंही या यादीत आहेत. समया, तांब्या-घंगाळं, अडकित्ते, पानपुडे यांना नोंदणी लागत नाही, पण निर्यातबंदी त्यांनाही आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जवळच्या कार्यालयात विचारलंत तर तुमच्या जिल्ह्याचा नोंदणी अधिकारी कोण ते कळेल. फोटोंसह अर्ज करायचा, पाहणी होते, प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी केली की सरकार मूर्ती उचलून नेईल ही भीती मला जवळपास प्रत्येक घरात ऐकायला मिळते. तसं होत नाही, मूर्ती तुमच्याच देवघरात राहते. पुढे विकलीत की मालक बदलल्याचं कळवायचं, एवढंच. खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याला मात्र परवाना लागतो. तेव्हा दारात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा परवाना दाखवायला सांगा. बरेचजण तिथूनच परत फिरतात.

दगडी गणपतीचं प्रकरण वेगळं आहे. जमिनीत सापडलेल्या वस्तूला १८७८ चा निखात निधीचा कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, असं तो सांगतो. पणजोबांनी कळवलं होतं का, हे आज कुणाला माहीत असणार? पण मूर्ती शेतातली आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक असताना ती वाटणीत धरणं किंवा गुपचूप विकणं अंगाशी येईल. आपल्याकडे शेतात मूर्ती निघते ती बहुतेक वेळा जवळ कधीतरी देऊळ होतं म्हणून. मूर्ती सापडली त्या जागेचा आणि तिचा संबंध तुटला की अभ्यासकाच्या दृष्टीने निम्मी माहिती गेली. जागेचा गट नंबर, मूर्तीची उंची, चारही बाजूंचे फोटो एवढं लिहून तहसील कार्यालयात आणि पुरातत्त्व विभागात द्या. हा गणपती विकायच्या यादीतून काढाच. हस्तिदंती डबीही काढा, ती कितीही जुनी असली तरी वन्यजीव कायद्याने हस्तिदंताचा व्यापार बंद आहे.

राहिले देवघरातले देव. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला एक रांगता बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक छोटा घोड्यावरचा खंडोबा आणि बहुधा विठोबा-रखुमाई दिसले. खरं सांगायचं तर अशा घरगुती मूर्ती दख्खनात खूप ओतल्या गेल्या आणि वीतभराच्या आतल्या बहुतेक मूर्ती काही हजारांतच जातात. लाखाच्या गोष्टी होतात त्या मोठ्या, घडणीत वेगळ्या किंवा नाव-सन कोरलेल्या मूर्तींच्या. तुमच्या चारांपैकी मला खंडोबा नीट बघावासा वाटतो. घोड्याची मान आखूड आणि जाड आहे, म्हाळसा पुढे बसलेली आहे, खाली कुत्रा आहे आणि बैठकीच्या कडेला काहीतरी अक्षरं असल्यासारखं वाटतंय. मूर्ती उलटी करून उन्हात धरा आणि बैठकीच्या आतल्या बाजूचा फोटो पाठवा. मेणाच्या नमुन्यावरून ओतलेल्या जुन्या मूर्तीच्या पोकळीत कधीकधी साच्याची काळी भाजलेली माती अजून चिकटलेली असते. छिन्नीच्या खुणा एकसारख्या नसतात. पूजेतली झीज तर ओळखता येतेच. रोज पाणी घालून, पुसून, गंध लावून देवाचं कपाळ, नाक, गुडघे गुळगुळीत झालेले असतात, आणि बोट पोचत नाही अशा काखेत, कमरपट्ट्याच्या मागे, घोड्याच्या पायांमध्ये जुनं कुंकू आणि चंदन घट्ट बसलेलं असतं. बाजारात जुनी म्हणून विकली जाणारी नवी मूर्ती सगळीकडे सारखीच काळी असते, खोलगट भागात आणि नाकाच्या शेंड्यावरही. ओला कापूस फिरवला की हिरवट रंग कापसावर येतो.

म्हणूनच हात जोडून सांगते, विकायच्या आधी चिंच किंवा पितांबरी लावून मूर्ती लखलखीत करू नका. पूजेतले देव घासतातच, त्याला माझी ना नाही. पण गिऱ्हाईकाला आवडावी म्हणून खाचाखोचांतलं कुंकू टूथब्रशने काढून टाकलेल्या मूर्ती समोर येतात तेव्हा फार हळहळ वाटते. तीन पिढ्यांची पूजा अर्ध्या तासात धुऊन गेलेली असते आणि किंमतही उतरलेली असते.

टाक विकू नका, असं माझं मत. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून उठवायचा आणि मागे तांब्याचा पत्रा जोडायचा अशी त्यांची घडण, त्यामुळे धातू म्हणून हाती काही लागत नाही. लिलावातही मागणी थोडी. झिजले की सोनाराकडे देऊन नवे करून घ्यायचे ही आपली रीत, त्यामुळे खूप जुने टाक मुळात कमीच उरतात. तुमच्या कुलदैवताचे टाक घरातल्या कुणाला तरी हवे असतील, विचारून तर पाहा.

आता तुमच्या हातात असलेल्या खऱ्या संपत्तीबद्दल. तुम्ही ओझरतं लिहिलंय की ट्रंकेत मोडी कागदांचं एक बाड आहे. ते आधी बाहेर काढा. जुन्या वाटणीपत्रांत आणि हिशेबाच्या वह्यांत देव्हारा, देव, समया यांचे उल्लेख असू शकतात. तुमच्या खंडोबाचा असा उल्लेख एखाद्या तारीख घातलेल्या कागदात निघाला, तर त्या मूर्तीचं मोल कुठल्याही व्यापाऱ्याच्या अंदाजाच्या पुढे जाईल. मोडी वाचणारे पुण्या-साताऱ्यात मिळतात. देवघरासमोर काढलेला जुना कौटुंबिक फोटो असेल तर तोही जपा. तामिळनाडूतल्या अनंतमंगलमच्या देवळातून १९७८ मध्ये चोरीला गेलेल्या राम, लक्ष्मण, सीतेच्या मूर्ती २०२० मध्ये ब्रिटनमधून परत मिळाल्या, त्या पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५८ मध्ये काढून ठेवलेल्या फोटोंशी जुळल्या म्हणून.

नावाने किती फरक पडतो त्याचं ताजं उदाहरण आपल्याच राज्याचं आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पातं युरोपी घडणीचं आहे, तशी फिरंगी पाती मराठ्यांच्या काळात पुष्कळ होती. पण याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव कोरलंय.

लिलावाला द्यायचंच ठरलं तर व्यवहार कसा होतो? लिलावगृह वस्तू बघून अंदाजित किंमत सांगतं आणि तुमच्याशी राखीव किंमत ठरवतं. बोली तिच्या खाली राहिली तर वस्तू विकली जात नाही. राखीव किंमत लोभाने चढवून ठेवू नका. एकदा न विकलेली वस्तू पुन्हा लावली की जाणकार गिऱ्हाईक हात आखडता घेतं. हातोडा पडतो त्या रकमेतून तुमच्याकडून कमिशन कापलं जातं. खरेदीदार वर आपला प्रीमियम आणि जीएसटी भरतो तो वेगळा. त्यामुळे वर्तमानपत्रात येणारा आकडा विकणाऱ्याच्या हातात कधीच पडत नाही. वाहतूक, विमा, फोटो यांचा खर्च कुणाकडे, हे करारात वाचून घ्या. देशातल्या सूचीत तुमच्या मूर्तीसमोर 'निर्यात करता येणार नाही' असं लिहिलेलं असेल. म्हणजे गिऱ्हाईक भारतातलंच, आणि किंमतही त्याच मानाने.

करही धरा. पूर्वी अशा वस्तू घरगुती वापराच्या म्हणून सुटायच्या, पण २००७ च्या वित्त कायद्यानंतर मूर्ती, चित्रं आणि इतर कलावस्तूंच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागतो. वारसाने आलेल्या जुन्या वस्तूसाठी १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, तेव्हा त्या तारखेचं मूल्यांकन जाणकाराकडून करून सीएला द्या.

विकण्याखेरीज आणखी एक वाट आहे. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून वाड्यांतले दिवे, अडकित्ते, दारं, भांडी जमवली आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारला दिला; पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय ते हेच. तुमच्या माळ्यावरच्या समया चुलतभावांना प्रत्येकी एक अशा वाटून जोडी फुटणार असेल, तर त्या एकत्र राहतील अशा संग्रहालयाला विचारून बघा.

आणि काहीही ठरवण्याआधी सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या, मुंबईत, पुण्यात, परदेशात असतील त्यांचीही आणि आत्यांचीही. आत्यांना विचारायचं राहून जातं, आणि लिलावाच्या आदल्या आठवड्यात त्यांची नोटीस आली की लिलावगृह वस्तू सूचीतून काढून घेतं. खंडोबाच्या बैठकीचा फोटो पाठवाल तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि वजनही लिहा.