चेंबर जॅकनं फोडला, इंजिन तुम्ही घालवलंत

प्रश्न: आष्ट्याजवळ टायर पंक्चर झाला. रस्त्याकडेच्या ओल्या मातीत, ऑइल चेंबरखाली (इंजिनच्या तळाशी तेल साठवणारं भांडं) जॅक लावला. तो कलंडून चेंबरला चीर गेली. स्टेपनी लावून निघालो. तुंगजवळ तेलाचा दिवा लागला, तरी गाडी सांगलीपर्यंत आणली. इंजिन जाम झालं. विमा कंपनी चेंबरचे पैसे देते, इंजिनचे नाही. तसं पत्र येऊन दहा महिने झाले. काय करावं?

उत्तर: जॅक चुकीच्या जागी लावला म्हणून क्लेम अडला, असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नाही. जॅक कलंडणं हा अपघातच, म्हणून तर घसारा आणि सक्तीची वजावट (मालकानं स्वतः सोसायची रक्कम, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये) कापून चेंबर मंजूर झाला.

घोडं पेंड खातंय ते पॉलिसीच्या चौथ्या अटीवर. अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली, तर वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. आणि 'दिवा लागल्यावर हळूहळू आणली' हे क्लेम फॉर्मवर तुम्हीच लिहून दिलंय! तेलाचा दाब गेल्यावर हळू काय नि जोरात काय, बेअरिंग क्रँकला (इंजिनच्या फिरत्या दांड्याला) धरणारच. त्याच पॉलिसीत गाडी टो करून नेण्याचे १,५०० रुपयांपर्यंत मिळतात, ते मात्र कोणी वाचत नाही.

आता जबाब फिरवू नका. 'दिवा लागेपर्यंत गळती कळली नव्हती' एवढा मुद्दा खरा असेल तर मांडा. त्यावर ग्राहक आयोग काही भाग देईलही, भरवसा नाही. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'इंजिन प्रोटेक्ट'चा (इंजिनच्या नुकसानीसाठीचं जादा संरक्षण) वेगळा प्रीमियम दिसतो का ते बघा. असला तरी त्याच्या अटी वाचूनच बोलता येईल. जुने बेअरिंग, क्रँक आणि चेंबर भंगारात देऊ नका, तो पुरावा आहे.

मुदतीचं मात्र आजच बघा. विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जाण्याआधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यावी लागते. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर तिथून एका वर्षात पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं. ती तक्रार तुम्ही केल्याचं पत्रात कुठेच नाही. दहा महिने कशाची वाट पाहिलीत? सांगलीच्या ग्राहक आयोगासाठी क्लेम नाकारल्यापासून दोन वर्षं आहेत. तिथे फी प्रीमियमवर ठरते, त्यामुळे तुम्हाला ती शून्य. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, पण तारखांचा हिशेब वेगळाच असतो. रक्कम लहान असेल तर लोकपालच बरा.

राहिला जॅक. तो दरवाज्याखालच्या पट्टीवर, दोन खाचांच्या मधेच लावायचा. आपल्याकडची काळी माती ओली असली की जॅक रुततो, खाली जाड फळी हवी. हँडब्रेक, पहिला गिअर, पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड. नट अर्धा फेरा सैल करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. स्टेपनी पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक सुटला तर गाडी तिच्यावर बसते, चेंबर वाचतो.