वाचकांचे प्रश्न : इंटरफेस जुळतात, तरी सेवा का अडतात?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानासाठी आम्ही दोन स्वतंत्र संगणकीय सेवा (एकमेकींना निरोप पाठवणारे प्रोग्राम) लिहिल्या आहेत. एक काट्यावरून पोत्यांचे वजन पाठवते, दुसरी शेतकऱ्याची पट्टी तयार करते. दोन्हींच्या इंटरफेसचे, म्हणजे बाहेरच्यांशी होणाऱ्या देवाणघेवाणीचे, वर्णन डब्ल्यूएसडीएल या वेब-सेवांच्या वर्णनभाषेत आहे आणि निरोपांचे सर्व प्रकार जुळतात. तरीही फेरवजनाचा निरोप पट्टी-सेवा कधी घेते, कधी नाकारते. इंटरफेसच्या गणिती सिद्धान्तांचा येथे काही उपयोग होईल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : होईल. आपल्या वर्णनात कोणते निरोप येतात-जातात एवढेच आहे, त्यांचा क्रम नाही. पट्टी पक्की झाल्यावर ती सेवा बहुधा नवे वजन घेत नसावी, आणि वजन-सेवेला हे कळण्याची सोय कोठेच नाही.

हा क्रम मांडण्यासाठी ऑटोमॅटा वापरतात, म्हणजे घटक कोणकोणत्या स्थितींत असतो आणि कोणत्या निरोपाने एकीतून दुसरीत जातो याची गणिती मांडणी. संगणकशास्त्रज्ञ लिंच आणि टटल यांच्या १९८७ च्या आय/ओ (इनपुट/आउटपुट) ऑटोमॅटामध्ये प्रत्येक घटकाने प्रत्येक स्थितीत त्याच्याकडे येणारा कोणताही निरोप स्वीकारलाच पाहिजे, अशी अट असते. दे अल्फारो आणि हेन्झिंगर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या इंटरफेस ऑटोमॅटामध्ये ही अट सोडली आहे. एखाद्या स्थितीत निरोप न घेणे म्हणजे ‘बाहेरच्याने तो येथे पाठवू नये’ ही अपेक्षाच मानली जाते. दोन सेवा जोडल्यावर, एकीने पाठवलेला निरोप दुसरी घेऊ शकत नाही अशा स्थिती निषिद्ध ठरतात. मग ज्या स्थितींतून बाहेरच्या कोणालाही तिकडची वाटचाल रोखता येत नाही, त्याही वगळल्या जातात. आरंभीची स्थिती शिल्लक राहिली, तर सेवा सुसंगत ठरतात.

आपल्याकडे फेरवजन काटेवाल्याच्या सांगण्यावरून होत असेल, तर उत्तर सरळ मिळते : पट्टी पक्की झाल्यावर फेरवजन मागू नये, ही अट जोडलेल्या इंटरफेसमध्ये आपोआप उतरते. वजन-सेवा स्वतःहून फेरवजन पाठवत असेल, तर मात्र गंमत होते. तेव्हाही सिद्धान्त दोन्ही सेवांना सुसंगतच म्हणेल, कारण पट्टी कधीच पक्की न करणारा कारकून असू शकतो! असा कारकून कोणता अडत्या ठेवील? म्हणून नुसत्या होकारावर न थांबता उरलेली अट वाचावी, आणि पट्टी पक्की होण्याची वाट तिच्यात शिल्लक आहे का, हे वेगळे तपासावे.

पुढे वजन-सेवा बदलायची झाल्यास, जुनी ज्या टप्प्यावर जे निरोप घेत होती ते नवीने घ्यावेत आणि जुनी पाठवत नव्हती असे काही पाठवू नये.