बाईंना विचारा : ३०० पैकी १७२

शिष्यवृत्तीचा निकाल लागला की माझ्याकडे पत्रांचा ढीग पडतो. या महिन्यात तीनच घेते, कारण पहिल्यालाच बरीच जागा लागणार आहे.

आदरणीय बाई, सा. न.
माझी मुलगी पाचवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. शिष्यवृत्तीला तिला ३०० पैकी १७२ मार्क पडले. मराठी ४०, गणित ३८, इंग्रजी ३८, बुद्धिमत्ता ५६. आम्ही एकत्र राहतो. धाकट्या भावाचा मुलगा तिच्याच वर्गात, त्याला २५४. पेढे आमच्याच सोप्यात वाटले. त्या दिवसापासून मुलगी आमच्याबरोबर जेवायला बसत नाही. निकालावर 'पात्र' लिहिलंय, पण यादीत नाव नाही, हे काय गौडबंगाल? गणिताची गुणपडताळणी करावी का? एक क्लास आहे, वर्षाला १८ हजार फी. आत्तापासून घालावं का? शाळेतले सर म्हणतात, मार्क चांगले आहेत. माझा विश्वास बसत नाही. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, मी स्वतः दहावीपर्यंत शिकलो.
— एक पालक, कराड तालुका

भाऊ, आधी गौडबंगाल सोडवू. दोन्ही पेपरांत प्रत्येकी ४० टक्के, म्हणजे १५० पैकी ६० पडले की मूल पात्र. तुमच्या लेकीला पहिल्या पेपरात (मराठी आणि गणित) ७८ आणि दुसऱ्यात (इंग्रजी आणि बुद्धिमत्ता) ९४. झाली पात्र. ज्यांना पैसे मिळतात ते 'शिष्यवृत्तीधारक', त्यांची यादी निराळी. पाचवीसाठी राज्यात १६ हजारांहून थोडे जास्त संच, म्हणजे तितक्याच मुलांना पुरतील एवढ्या शिष्यवृत्त्या आहेत आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत वाटलेले आहेत. त्यामुळे यादी कुठल्या मार्कावर थांबेल हे जिल्ह्यावर आणि त्या वर्षीच्या पोरांवर अवलंबून. आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात गावोगाव सकाळी सातला जादा तास भरतात. इथली यादी वरच संपते.

'पात्र' हा दयेचा शेराही नव्हे. या परीक्षेला बसणाऱ्या चार-पाच मुलांमागे एखादंच पात्र होतं. पेपर काढतानाच ३० टक्के प्रश्न सोपे, ४० टक्के मध्यम आणि ३० टक्के कठीण ठेवतात. शाळेच्या चाचणीत वर्गाला काय येतं ते बघायचं असतं. इथे हजारोंतून थोडी निवडायची असतात, म्हणून चाळणी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. घटक चाचणीतल्या ३८ टक्क्यांना तुम्ही जसे दचकता तसे इथे दचकू नका. तुमचे सर बरोबर बोलतायत, त्यांच्यावर विश्वास ठेवा.

तरीही गणित बघायला हवं, ते मी झाकणार नाही. प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क, म्हणजे मराठीत २५ पैकी २० बरोबर, इंग्रजीत २५ पैकी १९ बरोबर आणि गणितात ५० पैकी १९, हे एकाच मुलीचे आकडे आहेत. आणि मराठी आणि गणित हे एकाच पेपरात, एकापाठोपाठ येतात. ९० मिनिटांत ७५ प्रश्न. प्रश्नाला एक मिनिट बारा सेकंद. आधी मराठी, त्यात उतारा, कविता, सगळं वाचायचं. वाचनाची आवड असलेली मुलगी उताऱ्यात रमते. मराठी संपेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो आणि पुढे गणिताचे ५० प्रश्न तोंड वासून उभे. माझा संशय तिथे आहे.

तो खरा की खोटा हे प्रश्नपत्रिका सांगेल. ती शोधा, दप्तरात किंवा माळ्यावर असेल. ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावरची अंतिम उत्तरसूची छापून आणा. अंतरिम नको, हरकतींनंतर तिच्यात बदल होतात. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत हाताशी असेल तर सोन्याहून पिवळं. मग एखाद्या रविवारी सकाळी, घरात वर्दळ नसताना, मुलीला शेजारी घेऊन बसा. तुम्ही दहावी शिकलात, तेवढं पुरतं.

उत्तरपत्रिकेतल्या शेवटच्या दहा-पंधरा प्रश्नांचे गोल कोरे असतील किंवा एकाच ओळीत सरळ '३, ३, ३' रंगवलेले असतील, तर तिला गणित येत नाही असा निष्कर्ष काढू नका. तिला वेळ पुरला नाही एवढंच. पुढच्या वेळी गणित आधी सोडवायचं की मराठीला घड्याळ लावायचं, ते सरावानं ठरेल.

जे सोडवलंय आणि चुकलंय त्यावर मात्र वेळ घाला. कच्चं काम समासात असतं, ते वाचा. ६३१२ भागिले ६ चं उत्तर १५२ काढलं असेल, तर पोरीला भागाकार येतो. ३ ला ६ नं भाग जात नाही, म्हणून वर शून्य मांडायचं, तेवढंच राहिलंय. बरोबर उत्तर १०५२. चौथी-पाचवीत मी सर्वांत जास्त वेळा लाल पेन कुठे चालवला असेल तर या शून्यावर. पेपर काढणारेही हुशार असतात, १५२ पर्यायात हमखास ठेवतात. बुद्धिमत्तेतही तसंच. 'रांगेत मीना डावीकडून बारावी आणि उजवीकडून नववी, तर रांगेत मुली किती?' मूल बारा आणि नऊ एकवीस करून मोकळं होतं. मीना दोनदा मोजली गेली, उत्तर वीस. चुकांचा तिसरा प्रकार म्हणजे 'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे?' 'चूक' हा शब्द डोळ्यांखालून निसटतो आणि पहिलं बरोबर विधान दिसलं की गोल रंगवला जातो.

आणि एक गोष्ट नक्की तपासा. माझ्या वर्गात एक मुलगा होता, तोंडी गणितात सगळ्यांच्या पुढे. सराव पेपरात गणिताचे ५० पैकी १४ बरोबर आले. मला खरं वाटेना. त्यानं प्रश्नपत्रिकेवर केलेल्या खुणा आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या. ४१ वा प्रश्न अवघड म्हणून सोडला होता आणि ४२ चं उत्तर ४१ च्या गोलात गेलं होतं. तिथून खाली सगळी उत्तरं एक घर वर सरकलेली. बॉलपेननं रंगवलेला गोल खोडता येत नाही, लक्षात आलं असतं तरी काय केलं असतं त्यानं! पुढे वर्षभर आम्ही उत्तरपत्रिकेवर पट्टी ठेवूनच गोल रंगवत होतो. सहा इंचांची पुरते.

हे सगळं बघून तुमची बेरीज आणि निकालातले मार्क यांत मोठी तफावत निघाली, तरच गुणपडताळणीला अर्ज करा. तो शाळेमार्फत जातो आणि मुदत थोडी असते, म्हणून रविवार लांबवू नका. पण उत्तरपत्रिका यंत्र तपासतं, परीक्षक नव्हे. 'जरा सढळ हातानं मार्क द्या' असं सांगायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

क्लासचं विचारलंत. पाचवीच्या शिष्यवृत्तीला २०२३ पासून महिन्याला ५००, वर्षाचे दहा महिने, अशी तीन वर्षं मिळून १५ हजार. क्लासची एका वर्षाची फी १८ हजार. तुम्ही दुकानदार, हिशोब मी काय सांगू? शिवाय परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला होती, ती आता सरकारनं पुन्हा चौथी-सातवीकडे नेली आहे. म्हणजे तिची पुढची परीक्षा सातवीला. सहावीचं वर्ष मोकळं जाऊ द्या. त्याऐवजी शनिवारी दुपारी तिला गल्ल्याशेजारी बसवा. किलोचा भाव सांगून पावशेर खिळ्यांचे किती, पाचशेच्या नोटेतून परत किती, हे तिला सांगू द्या. चुकली तर गिऱ्हाईकासमोर बोलायचं नाही, ही माझी अट.

राहिले पेढे. पुतण्याला २५४ पडले, पेढे वाटलेच पाहिजेत, त्यात भावाचं काही चुकलं नाही. लेकीला पेढ्यांचा राग आलेला नसावा. तिच्या निकालाचं त्या दिवशी कुणी काय बोललं, की कुणी काहीच बोललं नाही, हे तिच्या आईला हळूच विचारायला सांगा. आणि कृपा करून पुतण्याला तिची शिकवणी घ्यायला बसवू नका. प्रत्येक एकत्र घरात ही कल्पना कुणाला तरी सुचते.

बाई, माझ्या मुलाचा फोटो एका क्लासच्या फ्लेक्सवर लागलाय, 'आमचे यशवंत' म्हणून. तो तिथे फक्त सराव परीक्षेला गेला होता, शिकला सगळा शाळेत. शाळेतल्या बाईंना वाईट वाटलं असेल. त्याचे आजोबा मात्र फ्लेक्सपुढे उभे राहून फोटो काढून आले आणि सगळ्या पाहुण्यांना पाठवला. फ्लेक्स काढायला सांगावं का?
— एक आई, वाई

ताई, सांगा, आणि लेखी सांगा. लहान मुलाचं नाव, फोटो, शाळा आणि मार्क चौकात टांगायला पालकांची परवानगी लागते. सराव परीक्षेची फी भरली म्हणजे ती दिली असं होत नाही. जमलं तर त्या क्लासवाल्यांना विचारा, फ्लेक्सवर चेहरे इतके, मग परीक्षेला बसवलेली मुलं किती? मी हे बऱ्याच जणांना विचारून बघितलंय, चहा येतो पण आकडा येत नाही. वर्गातल्या बाईंना मुलाला घेऊन भेटून या. आजोबांचा फोटो राहू द्या, आता तो कुणाच्या बापालाही परत घेता येणार नाही.

नमस्कार बाई. मी शेतमजुरी करते. मुलगा जिल्हा परिषद शाळेत सातवी पास झाला, ६१ टक्के पडले. पाचवीला शिष्यवृत्तीत अपात्र आला होता, तवा लई रडला. आता सर म्हणतात, आठवीत एनएमएमएसचा फॉर्म भरा. एकदा अपात्र झालेल्या पोराला परत कशाला बसवायचं? त्यात मिळतं काय?
— एक आई, परभणी जिल्हा

ताई, भराच. एनएमएमएस ही आर्थिक दुर्बल घरांतल्या आठवीच्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा. पाचवीला तो अपात्र आला म्हणजे दोनपैकी निदान एका पेपरात ६० च्या खाली राहिला, एवढंच तो निकाल सांगतो. एकात १०० आणि दुसऱ्यात ५८ पडले तरी कागदावर 'अपात्र'च येतं. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आता सातवीत ६१ टक्के मिळवतोय. फॉर्म भरायला सातवीला ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५०. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. तुमचं सगळं बसतं.

मिळतं ते असं : नववी ते बारावी, वर्षाला १२ हजार. चार वर्षांचे ४८ हजार, मुलाच्या खात्यावर. मात्र दरवर्षी पहिल्या फेरीतच पास व्हावं लागतं आणि अकरावीत पैसे चालू राहायला दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५५. त्यासाठी शाळाही सरकारी किंवा अनुदानितच ठेवायची, कुणी खासगीत घाला म्हटलं तरी ऐकायचं नाही.

परीक्षेत दोन पेपर, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, दोन्हीत ९०-९० प्रश्न आणि दीड दीड तास. दोन्हीत मिळून ४० टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीला ३२. पण तेवढ्यावर निवड होत नाही, त्यापुढे गुणवत्ता यादी लागते, हे मुलाला आधीच सांगून ठेवा, म्हणजे पुन्हा रडायची वेळ येणार नाही. शालेय क्षमतेत सातवी-आठवीचंच गणित, विज्ञान, समाजशास्त्र असतं. वेगळं पुस्तक घेऊ नका, सरांकडून जुने पेपर मागा.

आणि आत्ताच एक काम करा. मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकावर अक्षर न् अक्षर एकच आहे का, ते सरांकडून बघून घ्या. निवड होऊनही एका वेलांटीपायी पैसे अडकलेली पोरं मी पाहिली आहेत. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला जूनमध्ये रांगा लागतात, तेव्हा पेरणीच्या आधीच एक खाडा करून जाऊन या.