परसबागेतील अश्वगंधा: बी कमी उगवणे, रोपे कोलमडणे आणि मूळ बारीक राहणे

शंका: जूनमध्ये परसबागेत अश्वगंधेचे बी टाकले. निम्मे उगवलेच नाही, उगवलेली रोपे आठ दिवसांत आडवी पडली. वाचलेली झाडे जोमाने वाढली, पण उपटून पाहिल्यावर मूळ पेन्सिलीपेक्षाही बारीक. काय चुकले?

उत्तर: अश्वगंधा म्हणजे आपली आस्कंद. हे हलक्या, कोरड्या जमिनीतले पीक आहे. मेथी-कोथिंबिरीसारखे रोज पाणी घातले की ते बिघडते.

आधी बियाण्याचे पाहू. बी मागच्या हंगामातलेच घ्या. जुने झाले की उगवण झपाट्याने घटते. बी बारीक आणि चपटे असते. ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेले, किंवा वरची माती पावसाने थापटली गेली, तर कोंब वर येत नाही. एक चौरस मीटरच्या वाफ्याला ग्रॅमभर बी पुरते. ते पाचपट बारीक वाळूत मिसळा, एक फुटावर ओढलेल्या ओळींत पेरा आणि वर चाळलेली माती भुरभुरा.

पेरणी जूनमध्ये नको. पावसाचा जोर ओसरल्यावर, जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये करा. कोकणात कुंडी पागोळ्यांपासून दूर, पण उन्हात ठेवा. वाफा जमिनीपासून वीतभर उंच हवा. माती दोन भाग, वाळू एक भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण घ्या. काळ्या चिकण मातीत पाणी साचते, मूळ कुजते आणि काढताना तुटते. कुंडी किमान फूटभर खोल घ्या.

रोप आडवे पडले असेल तर जमिनीलगतचा देठ पाहा. तो पाणचट, तपकिरी आणि दोऱ्यासारखा बारीक झाला असेल, तर ती बुरशीजन्य मर आहे. दाट पेरणी आणि सतत ओल असली की ती हमखास येते. अशी रोपे परत उभी राहत नाहीत. काढून टाका आणि पाणी थांबवा. पुढच्या वेळी पेरणीपूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयुक्त बुरशीची भुकटी) चोळा, किलोला ५ ग्रॅम या प्रमाणात. घरच्या बियाण्याला चिमूटभर पुरे. साधारण महिन्याने विरळणी करून दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवा. उपटलेली रोपे दुसरीकडे लावता येतात, पण सोटमूळ दुखावले की त्याला फाटे फुटतात.

मूळ बारीक राहण्यामागे बहुधा नत्र असते. युरिया किंवा ताजे शेण घातले की सगळा जोर पानांत जातो. शेणखत मिसळले असेल तर वेगळे खत देऊ नका. पाऊस संपल्यावर वरची दोन बोटे माती कोरडी झाली तरच पाणी द्या.

पानांची जाळी होत असेल तर खालच्या बाजूला पिवळ्या, काटेरी अळ्या शोधा. त्या हड्डा भुंग्याच्या. भुंगा नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा आणि बारीक लव असलेला, निस्तेज दिसतो. त्याच्यासारखाच दिसणारा, पण मावा खाणारा मित्र ढालकिडा चकचकीत असतो, त्याला मारू नका. अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. जास्त असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

पाच-सहा महिन्यांनी पाने पिवळी पडून गळू लागतात आणि कागदी आवरणातली फळे लालबुंद होतात. तेव्हा आदल्या दिवशी हलके पाणी देऊन झाड मुळासकट काढा. मुळे धुवा, ७ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करून मोडताना कट्कन आवाज येईपर्यंत वाळवा. निरोगी झाडांची फळे पाण्यात चोळून बी वेगळे करा, सावलीत सुकवा आणि कागदी पिशवीत ठेवा.

मूळ औषध म्हणून घ्यायचे तर आधी वैद्यांना विचारा. गरोदर स्त्रिया आणि थायरॉईडचे रुग्ण यांनी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.