पहाटे चारला उठायची सवय कशी लावावी? उशिरा उठणारे लोक आळशी असतात का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि झोपायचं सोडून लिहायला बसले. आत्ताच नाइट करून आलेय.

मी स्टाफ नर्स. नोकरीला बावीस वर्षं झाली. नाइट म्हणजे रात्री 8 ते सकाळी 8. लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा सासऱ्यांचा एकच हेका: ब्रह्ममुहूर्त म्हणजे पहाटे चार, त्या वेळी जो उठत नाही त्याच्या घरात लक्ष्मी नांदत नाही.

एका जानेवारीत मेडिकल वॉर्डला होते. चौदा नंबरच्या कॉटवर दम्याचे आजोबा. आडवं होता येईना म्हणून पुढ्यात टेबल, टेबलावर उशी, उशीवर कपाळ. दमा पहाटे जास्त उसळतो. तीनला नेब्युलायझर दिलं, पुन्हा सातच्या सुमारास. मधे सारखं विचारायचे, "सिस्टर, उजाडलं का?" पाचपासून माझी धावपळ: टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), उपाशीपोटीची रक्तं, स्पंजिंग (अंग पुसणं), चादरी. सातनंतर त्यांच्या बाजूची खिडकी उघडली. खाली टपरीवर स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. आजोबा म्हणाले, "उजाडलं. आता निजतो." आणि बसल्या बसल्या घोरायला लागले.

हॅन्डओव्हर देऊन नऊला घरी आले, आंघोळ करून पडले. अकराला सासऱ्यांनी पाहुण्यांसमोर खोलीचा पडदा सरकवला. "आमच्या सूनबाईंची सकाळ अजून व्हायचीय."

तेव्हा गप्प बसले. संध्याकाळी पंचांग काढलं. ब्रह्ममुहूर्त सूर्योदयाआधी 96 मिनिटं लागतो आणि 48 मिनिटं असतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सव्वासातला उगवतो, म्हणजे 5:39 ते 6:27. जूनमध्ये सहाला उगवतो, तेव्हाही चारला लागत नाहीच. सासरे म्हणाले, "आमचे वडील चारलाच उठायचे." वडील गिरगावातले. मुंबई टाइम 1955 पर्यंत चालू होता, स्टँडर्ड टाइमच्या 39 मिनिटं मागे. त्या घड्याळातले चार म्हणजे आपले 4:39. त्यांना पटलं नाही. पण ज्या ब्रह्ममुहूर्तावरून मला आळशी ठरवलं, त्या वेळी मी रोग्यांची अंगं पुसत होते.

तर, सवय. "लवकर उठे" सगळ्यांना पाठ, त्याआधीचं "लवकर निजे" कोणाला आठवत नाही. चारला उठायचं तर नऊला अंथरुणात हवं. ते जमणार नसेल तर चारचा नाद सोडा. रोज एकाच वेळी उठा, रविवारीही, आणि उठल्या उठल्या उजेडात जा. शरीराचं घड्याळ उजेडावर लागतं. दहावीच्या पोरांना चारला उठवू नका, त्या वयात झोपच उशिरा येते. लहानग्यांनाही पुरेशी झोप हवी. राज्य सरकारनं 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका म्हणून सांगितलं, ते मुलांची झोप पुरत नाही म्हणूनच.

पहाटे उठण्याला माझा विरोध नाही. माझा नवरा पाचला उठून फिरायला जातो, त्याला मानवतं. आणि आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघून घ्या.

घरात कोणी नाइट करणारं असेल तर त्या खोलीला जाड पडदा लावा, दुपारी दोनपर्यंत कुकर लावू नका, आणि पाहुणे आले तर सांगा, ती कामावरून आलीय, झोपलीय.